बेटे : तक्रार शून्य

आमच्या बेटाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहून उपयोग नाही. आजवर ज्या ज्या माणसाला ते सांगितलं, त्याने "अच्छा, अच्छा" म्हणून मान हलवली आणि लगेच विचारलं, "म्हणजे नक्की कुठे?" अंदमान म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी ठाऊक असतात, पूर्वीचा तुरुंग आणि आताचा हनिमून. त्या दोन्हींच्या बऱ्याच खाली, जिथे नकाशाचा कागद संपत येतो तिथे, ठिपक्यांची एक ओळ आहे. छापताना शाई उडाली असावी असं वाटतं. त्यातल्या एका ठिपक्यावर मी पंधरा वर्षांची होईपर्यंत वाढले. आमच्या शाळेत एक वर्ग, एक मास्तर आणि देशाचा एक मोठा नकाशा होता. जागा पुरली नाही म्हणून नकाशावाल्याने बेटं उचलून खालच्या कोपऱ्यात एका चौकटीत बसवली होती आणि नकाशा वाऱ्याने उडू नये म्हणून मास्तरांनी नेमका त्याच कोपऱ्यात खिळा ठोकला होता. आम्ही पोरं त्या खिळ्याकडे बोट दाखवून म्हणायचो, "हे आपण."

बाबा सरकारी वायरलेस ऑपरेटर. बेटावर सरकार म्हणजे बाबा, मास्तर आणि एक कंपाउंडर, तोही वर्षातले सहा महिने रजेवर. बाकी सगळे बेटावरचे मूळचे लोक, नारळ, डुकरं आणि समुद्र. दोन-तीन महिन्यांनी पोर्ट ब्लेअरहून लहान जहाज यायचं. धक्का नव्हता, जहाज लांब उभं राहायचं आणि होड्यांतून सामान किनाऱ्यावर यायचं. पावसाळ्यात तर तेही नाही. वैशाखात शेवटचं जहाज गेलं की आश्विनापर्यंत समुद्र बंद. आणि त्या जहाजातून मायबाप देश आम्हाला काय पाठवायचा? जिथे घामाने अंगावरचा सदरा सुकत नाही तिथे लोकरीची घोंगडी. एका वर्षी सायकलींची टायरं आली. बेटावर सायकल एकही नव्हती. एकदा फवारणीचे पंप आले, औषधाचा पत्ता नाही. आम्ही मागायचो रॉकेल, आयोडीन आणि वह्या. उंटावरून शेळ्या हाकणारे निदान उंटावर तरी बसलेले असतात, त्यांना शेळी दिसते. इथे उंटही दिल्लीत होता. आई ती घोंगडी भिंतीला लावायची, म्हणजे फटीतून पाणी आत येत नसे. मी हे गमतीने सांगत नाही. त्या वयात गंमत वाटायची, आता संताप येतो.

वायरलेसचा सेट आमच्या पुढच्या खोलीत होता. त्याच्या पाठीवर पितळेची पट्टी होती, कारखान्याचं नाव आणि तपासनिसाचा शिक्का असलेली. तो कारखाना बंगलोरचा आणि शिक्का माझ्या सख्ख्या काकांचा. बाबांना याचा कोण अभिमान! कुणी आलं की सेट भिंतीपासून पुढे ओढून पट्टी दाखवायचे. "आमच्या अप्पाच्या हातून पास झालेला सेट आहे." अप्पाच्या हातून पास झालेला तो सेट बेटाच्या हवेत पहिल्याच पावसात मान टाकायचा. तारा हिरव्या पडायच्या, आत बुरशी धरायची. बाबा त्याला आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवत, शेजारी कंदील पेटता ठेवत, बाळंतिणीची काय निगा राखाल अशी निगा. चालला तर रोज संध्याकाळी खरखर सुरू व्हायची आणि त्या खरखरीतून मोठ्या बेटावरचा एक माणूस हवा विचारायचा. कुणी आजारी असलं तर त्याला सांगितलं की सरकारी मोठी बोट डॉक्टर घेऊन यायची, पावसातसुद्धा. खरखर बंद असली तर नाही यायची. सगळ्या बेटाचं जगणं-मरणं त्या खरखरीवर होतं. मी बेट सोडलं त्या उन्हाळ्यात ती बंद पडलेली होती.

पुढच्या शाळेसाठी मला बंगलोरला अप्पाकाकांकडे धाडलं. अप्पाकाका बाबांचे थोरले भाऊ, कारखान्यात तपासणी विभागाचे मुख्य. शहराच्या पूर्वेला, होसकोट्याच्या रस्त्यावर, कारखान्याची वसाहत होती. अवतीभवती द्राक्षांचे मळे आणि तळी. आज त्याच बाजूला, महादेवपुऱ्यात, मी आठव्या मजल्यावर राहते आणि टँकरच्या पाण्याने आंघोळ करते. तळी कुठे गेली विचारू नका. वसाहतीचा दिवस भोंग्यावर चालायचा. सकाळी भोंगा, दुपारी भोंगा, संध्याकाळी भोंगा, आणि काकांचं सगळं त्याबरहुकूम. सकाळच्या भोंग्याला ते बुटाची नाडी बांधत असायचे, संध्याकाळच्या भोंग्यानंतर दहाव्या मिनिटाला फाटक वाजायचं. घरातही ते तपासनीसच. पोळीची कड, नळाची गळती, माझी नखं, सगळं बघून मगच "हं" म्हणायचे. त्यांचा "हं" म्हणजे पास. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मला ते लिहावंसं वाटणार नाही.

काकू धारवाडकडची. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी गेले तशी तिने मला ओढूनच घेतलं. तिच्या मराठीत अर्धं कानडी. "शालू, स्वल्प थांब", "सरी सरी, बस जेवायला", "अय्यो, किती गं वाळलीस!" ज्वारीच्या भाकऱ्या ती अशा पातळ थापायची की पलीकडचा दिवा दिसावा. वर शेंगदाण्याची चटणी, भरल्या वांग्याची एण्णेगाई, ताकात कालवलेला भात. मी चार-चार भाकऱ्या खायची. बेटावर आम्ही किडे पाखडलेला तांदूळ, नारळ आणि मासळी खायचो. मासळीचं काकूकडे बोलायचं नाही अशी आईची ताकीद होती. आठवड्याच्या आतच मी बोलून गेले. काकूने कानावर हात ठेवले, मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "चवीला कशी गं लागते?" तेव्हापासून आमचं जमलं.

दसऱ्यात, आयुधपूजेला, कारखान्यात घरच्या माणसांना आत सोडायचे. मोठमोठ्या यंत्रांना केळीचे खुंट बांधलेले, प्रत्येकाला हळदकुंकू, दारात कुंकू लावून फोडलेला कोहळा, आणि हातात चुरमुरे-डाळ्याचा पुडा. चुरमुरे खात मी काकांच्या विभागात शिरले. तिथे भिंतभर काळा फळा होता. डावीकडे देशातल्या सगळ्या भागांची नावं आणि पुढे खडूने आकडे. कुठून किती सेट बिघडल्याच्या तक्रारी आल्या त्याचे. राजस्थान, आसाम, कोकण किनारा, सगळीकडे आकडे. सगळ्यात खालची ओळ होती "बेटे". तिच्यापुढे बारा महिने बारा शून्यं, पांढऱ्या खडूने नीट गोल काढलेली.

मी म्हटलं, "काका, हे चुकलंय. आमचा सेट तर बंद आहे."

काका हसले. "तक्रार आलेली नाही."

"बाबांनी तुम्हाला तीन पत्रं लिहिली ना?"

"पत्र म्हणजे तक्रार नव्हे, बाळ. टपालाच्या तक्रारी आम्ही धरत नाही. पत्रं उशिरा येतात, एकच तक्रार दोनदा येते, मग हिशेब चुकतो. नियम आहे. बिघाड झाल्यापासून तीन दिवसांत वायरलेसने कळवायचं."

"पण वायरलेसच बंद आहे."

"म्हणूनच तर तक्रार करायची," काका म्हणाले, आणि पुढच्या यंत्राकडे वळले.

मी तिथेच उभी. मला वाटलं, मलाच काही कळलेलं नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला असंच वाटतं, एवढी मोठी माणसं, एवढा मोठा कारखाना, चूक आपलीच असणार. हा नियम एका समितीने केला होता आणि त्या समितीत काकाही होते, हे नंतर कळलं. सात-आठ शिकलेली माणसं टेबलाभोवती बसली, बिस्किटं खाल्ली, आणि मुक्याने ओरडून मदत मागावी असा नियम करून उठली. एकालाही काही खटकलं नाही. का खटकेल? त्यांच्यातल्या एकाच्याही घरी बोलण्यासाठी सेट लागत नव्हता.

आमच्या वरच्या मजल्यावर नागपूरचा एक मुलगा राहतो, कुठल्याशा मोठ्या कंपनीत आहे. गोड आहे पोरगं, मला कधीमधी संत्र्याची बर्फी आणून देतं. परवा त्याने मोबाईलवर एक हिरवागार तक्ता दाखवला. "आजी, बघा ना, सगळं ग्रीन आहे. एकही कम्प्लेंट नाही, म्हणजे युजर्स हॅपी आहेत." मी विचारलं, "ज्यांचं तुमचं ॲप उघडतच नाही, ते तक्रार कुठे करतात रे?" तो म्हणाला, "ॲपमध्येच." मी बर्फीचा तुकडा तोंडात टाकला. कप्पाळ माझं!

माघात आईचं पत्र आलं. ती पोटुशी होती. माझ्यानंतर तिला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा टिकलं नव्हतं, त्यामुळे पत्रात आनंद कमी आणि भीती जास्त. आषाढाच्या अखेरीला दिवस भरणार होते, म्हणजे ऐन बंद समुद्रात. खाली बाबांनी काकांना लिहिलं होतं, अगदी हात जोडून. वैशाखाच्या शेवटच्या जहाजाने नवा सेट आला, नीट डबाबंद केलेला, तर वेळ पडल्यावर बोट बोलावता येईल आणि ही घरीच राहील. सेट आला नाही, तर त्याच जहाजाने हिला पोर्ट ब्लेअरच्या इस्पितळाजवळ पाठवावं लागेल. तिथे आमचं कुणी नाही, मला नोकरी सोडून जाता येत नाही, पाच महिने ती एकटी कशी राहील? तेव्हा अप्पा, काहीही कर, पण काय ते मला कळव. अप्पाकाकांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "बघू." काकू म्हणाली, "बघू काय? सख्खा भाऊ आहे तुमचा." काका म्हणाले, "तक्रार क्रमांक नसताना सेट बाहेर काढता येत नाही. माझीच सही असते, मीच कसा मोडू?"

आणि याच सुमाराला काकांच्या विभागाला ढाल मिळाली! कशाबद्दल? तर बेटांवर पाठवलेल्या सेटांबद्दल एका वर्षात एकही तक्रार आली नाही याबद्दल. समुद्री हवेत उत्कृष्ट कामगिरी. मी अजून हे कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं, म्हातारी रंगवून सांगते आहे. चैत्रात दिल्लीचे बडे साहेब ढाल द्यायला येणार होते. त्यांचं स्वागत हिंदीत करायचं ठरलं आणि वसाहतभर शोधलं तर धड हिंदी बोलणारी मुलगी एकच निघाली, ती मी. बेटावर हिंदीच चालायची. बंगलोरच्या मुलींना "आप कैसे हैं"च्या पुढे जाता येत नव्हतं. भाषण काकांनी लिहून दिलं. त्यात माझं बेट होतं, निळा समुद्र होता आणि कारखान्याच्या सेटमुळे तिथले लोक कसे सुखात आहेत ते होतं. पंधरा दिवस मी ते घोकलं. काकू समोर बसून ऐकायची. शेवटच्या दिवशी ती भाकरी थापता थापता म्हणाली, "पाठ झालंय ना? सरी. पण जे खरं आहे ते पण पाठ आहे ना?" मी तिच्याकडे बघितलं. ती तव्याकडे बघत होती.

मांडवात पाचशे माणसं असतील. साहेब गोरेपान, गुबगुबीत, अत्तराचा वास. मी हार घातला, माईकसमोर उभी राहिले, निळ्या समुद्रापर्यंत आले आणि पुढचं सगळं सोडून दिलं. म्हटलं, "साहब, हमारे टापू का सेट बंद है. मैं आई तब से बंद है. बरसात से पहले नया सेट भेजिए. मेरी माँ वहाँ है." आवाज चांगला शेवटच्या रांगेपर्यंत गेला. काकांचा चेहरा मी बघितला नाही, हिंमत झाली नाही. साहेब हसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माईकमध्ये म्हणाले, "शाबाश! बेटी, अगले जहाज से नया सेट जाएगा. यह मेरा वादा है." मागे वळून चिटणिसाला म्हणाले, "लिख लो." चिटणिसाने लिहून घेतलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं त्याला लिहिताना. टाळ्या काय पडल्या! मग वडे आले, मैसूरपाक आला, आणि कारखान्यातले लोक येऊन माझी पाठ थोपटू लागले. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

घरी आल्यावर काका एवढंच म्हणाले, "चार माणसांत माझी अब्रू काढलीस."

काकू म्हणाली, "अब्रूचं काय घेऊन बसलात? सेट जाणार ना? मग झालं."

"साहेबांनी शब्द दिलाय," काका म्हणाले. "जाईल."

तीन आठवड्यांनी मी आईला पत्र लिहिलं, त्या शेवटच्या जहाजाच्या टपालात पडेल अशा बेताने. चार पानी पत्र होतं. मांडव, साहेब, टाळ्या, सगळं होतं त्यात. शेवटी लिहिलं होतं, "आई, तू आता कुठे जाऊ नकोस. ज्या जहाजाने हे पत्र येतंय त्याच जहाजात सेट आहे. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलंय." माझी पत्रं काका नेहमी वाचून पाकिटात घालायचे, पत्ता त्यांच्या सुरेख इंग्रजी अक्षरात लिहायचे. तसंच त्यांनी हेही वाचलं. चारही पानं, सावकाश. शेवटच्या पानावर ते थांबले, मला वाटलं काही बोलणार. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "अक्षर सुधारलंय तुझं." आणि पाकीट चिकटवलं.

आषाढ आला, श्रावण आला. काकू रोज देवापुढे दिवा लावताना आईचं नाव घ्यायची. मी मनात हिशेब करायची, आता दिवस भरले, आता सेटवर बाबा बोलले असतील, आता बोट निघाली असेल. वर्गात मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं की मला भाऊ होणार. नाव ठरवलं होतं. नागपंचमीला काकूने कडबू केले, ते मी पोटभर खाल्ले. गौरी-गणपतीत वसाहतीच्या नाटकात काम केलं. खूप हसले मी त्या दिवसांत. आपलं माणूस पाण्यापलीकडे असलं की आपण त्याच्या जुन्या बातमीवर जगत असतो, आणि आपल्याला ते कळत नाही.

बाबांचं पत्र दिवाळीच्या तोंडावर आलं. काका कामावर होते, दुपारची वेळ, काकू आणि मी ओसरीवर. मी मोठ्याने वाचायला लागले, कारण आता बाळाचं कळणार. "चि. शालूस अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. तुझ्या आईची पेटी बांधून किनाऱ्यावर नेली होती. पण पत्र वाचून ती परत घरी नेली, कारण सेट येणार म्हणून तू लिहिलं होतंस. आम्ही सगळं सामान उतरेपर्यंत किनाऱ्यावर उभे होतो. घोंगड्यांचे गठ्ठे आले. माझ्या नावाचं एक खोकं आलं, ते घाईने फोडलं, त्यात यंत्राची उत्कृष्ट निगा राखल्याबद्दल मला दिलेलं प्रशस्तिपत्र होतं, काचेच्या चौकटीत. तोवर जहाजाने नांगर उचलला होता. होडीतून मागे जाऊन खूप हाका मारल्या." चिटणिसाने काय लिहून घेतलं होतं ते असं कळलं. मुलगा झाला होता. तीन दिवस अडलेली होती आई. शेजारची मार्था, बेटावरची सुईण, रात्रंदिवस तिच्याजवळ होती, तिने आईला वाचवलं. मूल दोन दिवस होतं. पुढे एक वाक्य खोडलेलं होतं, पण बाबांची शाई पाण्यासारखी, खोडलेलं वाचता येत होतं. "सेट असता तर बोट आली असती."

काकूने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि पदराखाली ठेवलं. मला जवळ ओढलं. आम्ही तशाच बसून राहिलो. संध्याकाळचा भोंगा झाला, दहा मिनिटांनी फाटक वाजलं. काका बूट काढायला वाकले तेवढ्यात काकूने विचारलं, "तो सेट गेला नव्हता?"

काका वाकलेलेच राहिले. म्हणाले, "फाईल अडकली. तक्रार क्रमांकाचा रकाना रिकामा होता."

"कधी कळलं तुम्हाला?"

"चैत्रातच."

"म्हणजे पोरीने पत्र लिहिलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही वाचलंत ते. चिकटवलंत."

काकांनी एक बूट काढून नीट कडेला ठेवला. मग म्हणाले, "साहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता. तो खोटा आहे असं मी माझ्या तोंडाने कसं सांगू? आणि वाटलं, होईल. शेवटच्या घटकेला होतात कामं."

"तुमच्या तोंडाने खोटं बोलायचं नाही म्हणून माझ्या पोरीच्या हातून लिहवलंत होय?" काकू म्हणाली. तिला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, तेव्हाही तिने चढवला नाही. "जेवण झाकून ठेवलंय. वाढून घ्या." त्यानंतर ती त्या घरात वीस वर्षं त्यांच्यासोबत राहिली, त्यांचं दुखलं-खुपलं सगळं केलं, पण त्यांना पुन्हा स्वतःच्या हाताने वाढलं नाही. पाहुणे आले तर ताट करायची आणि माझ्या हाती द्यायची.

मी दिल्लीच्या त्या साहेबाला कधीच शिव्या घालत बसले नाही. ती माणसं माझ्या शिव्यांच्याही लायकीची नाहीत. शब्द द्यायला काही पडत नाही, तो दिला, वडा खाल्ला, गेले. आताही टीव्हीवर कुणीतरी बेटांच्या विकासाचं बोलतं, मागे निळ्या समुद्राचं चित्र असतं, बोलणाऱ्याच्या कपाळावर घामाचा थेंब नसतो. मी आवाज बंद करते आणि कूकर लावते. पण काकांचं तसं नाही करता आलं. ते माझे होते. त्यांनी मला शिकवलं, माझं लग्न लावलं, मरताना माझा हात धरून होते. त्यांच्याबद्दल मला जो तिटकारा वाटला तो मी धुऊ शकले नाही, आणि त्यातला निम्मा माझ्याच वाट्याचा आहे हेही मला ठाऊक आहे. शेवटी आईला थांबवलं कुणी? दिल्लीने? ते तर तिचं नावही जाणत नव्हते. मी थांबवलं. साहेबाच्या एका वाक्यावर विश्वास ठेवून, टाळ्यांनी हुरळून, मीच त्यांचा निरोप आईपर्यंत पोचवला. आमच्या बेटावर देशाचं कुठलंही आश्वासन कधी वेळेवर आलं नसेल, तेवढं एक मी वेळेवर पाठवलं.

बाबा निवृत्त झाल्यावर दोघं बंगलोरला माझ्याकडे आली. आई खूप वर्षं जगली. त्या पत्राचा विषय तिने कधी काढला नाही, मीही नाही. एकदाच धीर केला. दुपारी आम्ही दोघी खाली बसून मेथी निवडत होतो, बाबा आत झोपले होते. मी वर न बघता विचारलं, "आई, त्या जहाजाने तू गेली असतीस ना? माझ्या पत्रामुळे राहिलीस."

"छे गं," आई लगेच म्हणाली. "तुझ्या पत्राचं काय त्यात? मला बोट लागायची. भडभडून यायचं अगदी. म्हणून मीच म्हटलं, नको."

माझ्या आईला उभ्या जन्मात बोट लागली नव्हती. अख्खं जहाज ओकत असायचं तेव्हा ती डेकवर मांडी घालून बसायची, पोह्यात नारळ कालवायची आणि माझ्या हातावर ठेवून म्हणायची, खा, वारा चांगला आहे. मी "हो का" म्हटलं. तिने माझ्यापुढची राहिलेली मेथी आपल्याकडे ओढून घेतली आणि निवडायला लागली.